आर्ट्सला? का बरे?

दिवाळीत घरोघर फराळाची ताटे फिरू लागली, की त्यांच्यामागून काही प्रश्नही फिरू लागतात. चकली कडक तर झाली नाही ना, हा पहिला. अनारसे तुपात हसले तर नाहीत ना, हा दुसरा. हे दोन प्रश्न गृहिणींना जाचतात. तिसरा प्रश्न मात्र घरातल्या पंधरा ते वीस वर्षांच्या मुलामुलींवर नेम धरून टाकलेला असतो : ‘‘मग, पुढे काय?’’ करंजीचा घास तोंडात असतानाच हा प्रश्न येतो, कारण तेव्हा समोरच्याला पळता येत नाही.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊकच आहे, की मी एका तालुक्याच्या गावी, एका छोट्याशा कॉलेजात मराठी शिकवतो. कॉलेज फक्त कला शाखेचे, पटावर सहाशेच्या आसपास मुले, इमारत बैठी, आणि ग्रंथालयाच्या खिडकीतून समोर एस.टी. स्टँड दिसतो. मुले स्टँडकडे पाहतात आणि मी मुलांकडे पाहतो, असे आमचे अध्ययन-अध्यापन गेली अठरा वर्षे सुरळीत चालू आहे. दिवाळीला मात्र मी पुण्यास थोरल्या भावाकडे येतो.

गेल्या वर्षी पाडव्याच्या सकाळी भावाच्या शेजारचे गृहस्थ सहकुटुंब फराळाला आले. गृहस्थ इंजिनिअर, बाई बँकेत. मुलगी बारावीला, शास्त्र शाखेत. दहावीला त्र्याण्णव टक्के. वहिनींनी शिरस्त्याप्रमाणे विचारले, ‘‘मग, पुढे काय?’’

मुलगी शांतपणे म्हणाली, ‘‘बी.ए. इतिहास घेऊन.’’

खोलीत जी शांतता पसरली, तेवढी लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्रीनंतरही पसरत नाही. वहिनींच्या तोंडून फक्त एवढेच निघाले, ‘‘आर्ट्सला? का बरे?’’ मुलीचे वडील माझ्याकडे वळले. बुडत्याने काडीकडे पाहावे तसे ते पाहत होते. म्हणाले, ‘‘सर, तुम्ही आर्ट्सलाच शिकवता. आता अगदी खरे सांगा, तिथे मुले कसली येतात हो?’’

तो ‘कसली’ मला झोंबला. मंडईत वांगी कसली आहेत, हे विचारतात. पण गृहस्थांचे काही चुकले नव्हते. कला शाखेच्या मुलांविषयी आपल्या समाजात जे समज आहेत, तेच ते बोलून दाखवत होते, आणि तेही संकोचत. हे समज मोजून चार आहेत. पहिला, ज्यांना दुसरीकडे कोठे प्रवेश मिळत नाही ती मुले इकडे येतात. दुसरा, मुली लग्न ठरेपर्यंत वेळ काढायला येतात. तिसरा, उरलेले झब्बा घालून कविता करतात. चौथा, तिथे अभ्यास करावा लागत नाही.

अठरा वर्षांच्या अनुभवाची फुटपट्टी घेऊन हे चारही समज एकेक करून मोजून पाहू.

पहिला समज प्रवेशाच्या खिडकीपाशी खरा आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना पन्नासच्या आगेमागे गुण असतात. डॉक्टर, इंजिनिअर व्हायचे स्वप्न मोडून आलेलेही असतात. पण उरलीसुरली मुले म्हणावीत तर त्यांची संख्या तरी थोडी असावी! केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या पाहणीप्रमाणे २०२०-२१ साली देशातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी ३३.५ टक्के कला शाखेत होते आणि इंजिनिअरिंग व तंत्रशिक्षणात ११.९ टक्के. म्हणजे दर तीन मुलांतले एक आमचे. ज्या पंगतीत तिसरे पान उरल्यासुरल्याचे असते, तिथे दोष पानाचा की वाढणाऱ्याचा, हे आधी ठरवावे लागेल. शिवाय गुण पन्नास का, हेही पाहायला हवे. आमच्या पहिल्या वर्गात दरवर्षी मी विचारतो, घरात कॉलेजात आलेले तुम्ही पहिलेच कितीजण? निम्म्याहून अधिक हात वर होतात. त्या हातांना शिकवणीचा वर्ग माहीत नसतो. विळा, खुरपे आणि म्हशीचे दावे माहीत असते. पन्नास गुण हे त्यांनी उरलेल्या वेळात मिळवलेले असतात.

दुसरा समजही अर्धा खरा आहे. तुळशीचे लग्न लागले, की आमच्या पटावरची नावे गळू लागतात. हजेरी घेताना एखाद्या नावापुढे कोणीच ‘हजर’ म्हणत नाही, आणि मग मागच्या बाकावरून हलकेच येते, ‘‘सर, तिचे ठरले.’’ पण या गोष्टीची दुसरी बाजू मला उमगायला बरीच वर्षे लागली. मुली लग्न होईपर्यंत कॉलेजात येतात असे आपण म्हणतो. पुष्कळ मुली लग्न होऊ नये म्हणून कॉलेजात येतात. ‘‘बी.ए. तरी होऊ द्या, मग बघू’’ या एका वाक्याच्या आधारावर त्या तीन वर्षे आत्या, मामा आणि स्थळे सांगणाऱ्या शेजारणी यांना दारातून परत पाठवतात. शहरात पदवी हा जिना असेल. आमच्याकडे ती पुष्कळदा दाराला लावलेली कडी असते. आणि कडी हीसुद्धा घरातली फार मोलाची वस्तू आहे.

तिसरा समज कवींचा. साठ मुलांच्या वर्गात मला सरासरी चार कवी सापडतात. त्यातले दोन प्रेमात असतात म्हणून कवी असतात आणि परीक्षेच्या सुमारास दोन्ही व्याधींतून बरे होतात. एखादा खरा असतो, तो बहुधा कविता दाखवत नाही. झब्बा मी अठरा वर्षांत तीनदा पाहिला, तिन्ही वेळा स्नेहसंमेलनात. आमच्या मुलांचा खरा पोशाख पाहायचा असेल, तर पहाटे पाचला कॉलेजच्या मैदानावर यावे. पोलीस भरतीसाठी मुलगे सोळाशे मीटर आणि मुली आठशे मीटर धावत असतात. कोणाच्या पायांत बूट असतात, कोणाच्या नसतात. आठ वाजता तीच मुले माझ्यासमोर संतकाव्याला बसतात. त्यांची मान डुलते ती अभंगाच्या लयीने डुलते, अशी मी माझी समजूत करून घेतली आहे.

चौथा समज, अभ्यास न करता पास होण्याचा. इथे मान खाली घालायला हवी. पण ती मुलांनी नव्हे, आम्ही. वर्षानुवर्षे तोच प्रश्न शब्द फिरवून विचारायचा, त्याची उत्तरे बाजारच्या नोट्समध्ये छापून आलेली असायची, मुलांनी ती पाठ करायची आणि आम्ही ती ओळखून गुण द्यायचे, असा हा गोड संसार आहे. प्रश्न विचारणाऱ्याने कष्ट घेतले नाहीत, तर उत्तर देणाऱ्याने का घ्यावेत? ज्या वर्षी मी वेगळे काही विचारले, त्या वर्षी मुलांनी वेगळे काही लिहिले. अशाच एका वर्षाची हकीकत पुढे यायची आहे.

हे सारे मी त्या सकाळी सांगितले का? नाही. मी प्राध्यापक असल्यामुळे व्याख्यान दिले.

आधी मी शब्दावर घसरलो. कला शाखा म्हटले, की लोकांना चित्रकला आठवते. वस्तुतः ज्या लॅटिन नावावरून हा ‘आर्ट्स’ आला, त्या विद्या मध्ययुगीन युरोपात सात मानल्या जात : व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. त्यांचे विशेषण होते ‘लिबरल’, म्हणजे दास नसलेल्या, मोकळ्या माणसाला शोभणाऱ्या विद्या. सातात गणित आणि खगोल बसलेले पाहून इंजिनिअर गृहस्थांनी चिवड्याचा चमचा खाली ठेवला.

मग मी घरची उदाहरणे काढली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले आणि १८६२ साली त्याची बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात महादेव गोविंद रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. टिळक १८७७ साली डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले, ते गणितात पहिल्या वर्गात. गोखले १८८४ साली एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाले आणि त्यांनी शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले. डॉ. आंबेडकर १९१२ साली त्याच कॉलेजातून बी.ए. झाले, विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. ‘‘सांगा,’’ मी विजयी मुद्रेने म्हणालो, ‘‘यातले उरलेसुरले कोण?’’

भाऊ खूष झाला. पण मुलगी इतिहास घेऊ म्हणणारी होती. ती म्हणाली, ‘‘काका, पण तेव्हा शिकणारे होतेच किती? ज्यांना शिकायचे होते त्यांना बी.ए.शिवाय दारे तरी किती होती? तेव्हाचे निवडक आणि आताचे सगळे, यांची तुलना कशी होईल?’’

मुलगी बरोबर होती. टिळकांना पुढे करून माझ्या वर्गातल्या मुलाचा बचाव करणे, म्हणजे आजोबांची गादी दाखवून नातवासाठी उधार मागण्यासारखे होते. मी दुसरी उदाहरणे दिली. ती मला आधीच सुचायला हवी होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. तिथे मुलांनी अंगमेहनत करून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवावा, या ‘कमवा आणि शिका’ योजनेवर भर होता. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले, आणि दलित साहित्याच्या इतिहासात त्याला वगळून पुढे जाता येत नाही. ही कॉलेजे निवडक मुलांसाठी नव्हतीच. ‘ह्यांना कशाला हवे कॉलेज?’ असे ज्यांच्याविषयी विचारले जाई, त्यांच्यासाठी ती होती.

बाईंना परदेशाचा दाखला हवा होता. त्यांचा भाचा अमेरिकेत आहे. तोही माझ्याजवळ होता. आमच्यासारखी छोटी कॉलेजे अमेरिकेत फार; हजार-दोन हजार मुलांची, आडगावी वसलेली, एकाच छपराखाली साहित्यापासून पदार्थविज्ञानापर्यंत सारे शिकवणारी. तिथल्या मुलांविषयीही समज आहेतच. केस वाढवून फिरतात, जगाला सुधारायला निघतात, पोटाला मिळवायचे शिकत नाहीत, वगैरे. आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांच्या मुलखात, ग्रिनेल नावाचे असे एक कॉलेज आहे. १९४८ साली तिथल्या एका विद्यार्थ्याने वसतिगृहातल्या मेजवानीसाठी जवळच्या शेतातले डुकराचे पिल्लू चोरले. शेतकरी सामान्य असता तर निभले असते. तो निघाला गावचा मेयर. मुलाने गुन्हा कबूल केला, पैसे देऊ केले, तरी कॉलेजातून नाव कायमचे जाण्याची वेळ आली. तेव्हा त्याचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक ग्रँट गेल यांनी रदबदली केली. एका सहामाहीच्या निलंबनावर निभावले आणि १९४९ साली तो पदवीधर झाला. त्याचे नाव रॉबर्ट नॉइस. १९५९ साली सिलिकॉनच्या एकाच चकतीवर अख्खे विद्युत्मंडल बसवण्याची युक्ती त्याने काढली, आणि १९६८ साली गॉर्डन मूर यांच्याबरोबर ‘इंटेल’ कंपनी काढली. इंजिनिअर गृहस्थांच्या खिशातल्या फोनाची वंशावळ अशी एका डुकरामागच्या कॉलेजापर्यंत जाते.

सारे हसले. मीही हसलो. आणि तेवढ्यात त्या मुलीने सहज विचारले, ‘‘काका, लोकांना आर्ट्सची मुले तशी वाटतात, ते कळले. तुम्हाला कशी वाटतात?’’

मी ‘‘चांगली वाटतात की!’’ म्हणालो आणि चहा मागितला. पण घास घशात अडकला तो अडकलाच. ग्रँट गेल यांची गोष्ट मी रंगवून सांगितली खरी. माझ्याजवळ माझी स्वतःची एक गोष्ट होती, ती मी सांगितली नाही. ती आज सांगतो.

सात वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी निबंध घातला होता, ‘आमच्या घरातील एक वस्तू’. बाजारच्या नोट्समध्ये नसलेला विषय म्हणून मुद्दाम दिला. टीव्ही, देव्हारा, आजीचे जाते असे निबंध आले. एक निबंध कोयत्यावर होता. लिहिणारी मुलगी शेवटून दुसऱ्या बाकावरची. दोन वर्षांत तिचा आवाज मी हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. तिचे आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळी झाली न झाली, की मुकादमाच्या ट्रकमध्ये संसार चढवायचा आणि घाट उतरायचे. मुलगी आजीजवळ गावी राहायची. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. उचलही कोयत्यामागे मिळते. तिने लिहिले होते, की मुकादमाच्या वहीत माझे आईवडील दोन माणसे नाहीत, एक कोयता आहेत. मी लहानपणापासून विचार करते, की त्यातली मूठ कोण आणि पाते कोण.

ते वाक्य वाचून मी थांबलो. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला? हे हिचे नाही.

वाचकहो, मी त्या शाखेत शिकलो, तिच्यावर माझे पोट चालते, तिच्या बाजूने सभांत मी तावातावाने बोललो आहे. त्या मला, वर्गातल्या मुलीने एक उत्तम वाक्य लिहिले, तर ते तिने कोठून तरी उतरवले असणार, असे वाटले. दुसऱ्या दिवशी भर वर्गात तिला उभे केले. ‘‘मोबाईलवरून उतरवलेस की कोणाकडून लिहून घेतलेस?’’ असे विचारले. वर्ग हसला. ती काही बोलली नाही. मी वहीवर तांबड्या शाईने शून्य काढले. तेही चांगले ठसठशीत.

तीन दिवस ती आली नाही. चौथ्या दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत आली आणि एक दोनशे पानी वही माझ्यापुढे ठेवली. ‘‘सर, ही कच्ची वही.’’ बस, एवढेच. त्या वहीत तो निबंध तीनदा लिहिलेला होता. पहिल्या वेळी ‘मूठ’ नव्हती, ‘दांडा’ होता; तो खोडला होता. एक अख्खा परिच्छेद आईविषयी होता. त्यावर आडवी रेघ मारून समासात लिहिले होते, ‘हे नको, आई वाचेल.’

मी शून्याचे अठरा केले. ‘‘छान लिहिले आहेस,’’ म्हणालो. ती ‘‘बरं सर’’ म्हणून गेली. वर्गात मी त्याविषयी पुन्हा अवाक्षर काढले नाही. अपमान साठ जणांसमोर केला आणि दुरुस्ती बंद दाराआड. तिने पुढे उत्तरपत्रिकेत जेवढे विचारले तेवढेच लिहिले, आणि दुसऱ्या वर्गात पास होऊन गेली.

दोन वर्षांपूर्वी स्टँडवर भेटली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात, तशा एका वसतिगृहात मुले सांभाळते. मी चाचरत विचारले, ‘‘काही लिहितेस का?’’ ती हसून म्हणाली, ‘‘मुलांकडून लिहून घेते, सर. पण कच्ची वही आधी बघते.’’ तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता, तर मला एस.टी.त नीट बसून जाता आले असते.

तर गृहस्थांच्या प्रश्नाला खरे उत्तर हे आहे. आर्ट्सच्या मुलांविषयीचे समज थोडे खरे, थोडे खोटे आणि पुष्कळसे अर्धे असतात, जसे कोणाविषयीचेही असतात. पण समज खरा की खोटा, यापेक्षा तो कोणाच्या हातात आहे, याला महत्त्व असते. फराळाच्या ताटावर तो नुसता वावगा शब्द असतो. तांबडी शाई ज्याच्या हाती आहे त्याच्याजवळ असला, तर त्याचे शून्य होते. बाहेरचे लोक आमच्या मुलांना कमी लेखतात म्हणून मी भांडत आलो. आणि सात वर्षांपूर्वी त्या लोकांचाच एक माणूस वर्गात, फळ्यापुढे, खडू घेऊन उभा होता.

त्या वर्गातली साठ मुले आज कोठे कोठे आहेत. कोणी पोलिसात, कोणी शेतात, कोणी पुण्यात. दिवाळी अंक त्यांच्यापैकी कोणाच्या तरी हाती पडेल. त्यांना सांगतो, की तो निबंध तिचाच होता. वर्गासमोर सांगायचे राहिले, ते इथे सांगितले.

शेजारच्या मुलीने यंदा जूनमध्ये बी.ए.ला नाव घातले. तिच्या वडिलांचा परवा फोन आला होता. म्हणाले, ‘‘सर, या दिवाळीत सारे मला विचारणार, आर्ट्सला? का बरे? काय सांगू?’’ मी म्हटले, ‘‘तुम्ही काही सांगू नका, तिला सांगू द्या. तिची कच्ची वही तिच्याजवळ आहे.’’

वाचकांना एवढीच विनंती. यंदा ताट पुढे करताना कोणी मूल ‘आर्ट्स’ म्हणाले, तर ‘का बरे’ विचारू नये. ‘कोणता विषय?’ एवढे विचारावे, आणि ते सांगत असताना चकलीचा आवाज जरा कमी करावा.